गवळ्यांचे दगड, माडियांचे दगड

स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचं नाव आज नागपुरात कॉलेजमुळे उरलं आहे. तो मेला कसा, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर तो टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेला होता. परतीच्या वाटेवर फुगलेल्या ओढ्यात बुडून गेला. तीन वर्षांनी टेंपल यांनी त्याची टिपणं छापली. ती मध्य प्रांतातल्या आदिवासी जमातींविषयी होती: गोंडांची गाणी, शब्द, कुळं, देव. म्हणजे गोंडांची भाषा उतरवून घेणारा आणि जमिनीतले दगड उकरून पाहणारा माणूस एकच. पण हे दगड कुणी रचले असतील, या प्रश्नावर त्या काळच्या साहेबांचं बोट गोंडांकडे क्वचितच वळलं. त्यांचं आवडतं उत्तर होतं सिथियन. हैदराबाद संस्थानात काम केलेल्या मेडोज टेलरने तर दख्खनच्या अशा थडग्यांना सेल्टिक, ड्रुइड आणि सिथियन अशी तिन्ही लेबलं एकदमच लावून टाकली. मध्य आशिया चालेल, इंग्लंडचं जुनं रान चालेल, पण समोर मोहफुलं वेचणाऱ्या माणसाचा पणजोबा नको.

साहेबांना हसण्याआधी आपलंही बघावं. विदर्भातल्या शेतकऱ्याला विचारलं तर शिळावर्तुळं गवळ्यांची असतात, नाहीतर पांडवांची. कुणी कधीकाळी येऊन गेले, दगड ठेवून गेले. चामोर्शीजवळचा दगडी थडग्यांचा पट्टा आणि वाघनखची तशीच थडगी एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश गॅझेटियरांत नोंदलेली आहेत. चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला उभ्या शिळांवर आडवी शिळा टाकून केलेली महापाषाणी घरं आहेत, ज्यांना अभ्यासक डॉल्मेन म्हणतात. चामोर्शीपासून जवळच वैनगंगेच्या काठावर मार्कंड्याची देवळं आहेत. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते आणि ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणून त्यांचं कौतुक होतं. कौतुकाला माझी ना नाही, देवळं आहेतच तशी. फक्त एक गोष्ट लक्षात येते. घडीव मूर्तीला आपण लगेच घराणं शोधतो, शतक शोधतो, राजा शोधतो. अनघड शिळेला मात्र गवळी पुरतात.

असंच अमेरिकेतही झालं. नैऋत्येच्या वाळवंटी भागात, आजच्या न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा राज्यांच्या सीमा मिळतात तिथे, प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी दगडी वसाहती बांधल्या होत्या. चाको कॅन्यनमधलं प्वेब्लो बोनितो शेकडो खोल्यांचं आहे. मेसा व्हर्देला कड्याच्या कपारीत आख्खी गावं आहेत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी नैऋत्येतली अशी बांधकामं पाहिली आणि त्यांना नावं दिली ‘अझ्टेक रुइन्स’ आणि ‘मोंटेझुमा कॅसल’. अझ्टेक लोकांचा आणि त्या भिंतींचा काही संबंध नव्हता, आणि मोंटेझुमा तर ती वास्तू ओसाड पडल्यावर कितीतरी काळाने जन्मला. पण नावं चिकटली ती चिकटलीच, आजही सरकारी पाट्यांवर तीच आहेत. डिसेंबर १८८८ मध्ये हरवलेली गुरं शोधत निघालेल्या रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन यांना मेसा व्हर्देचा मोठा कपारवाडा दिसला आणि ‘नाहीशा झालेल्या संस्कृती’चा शोध लागल्याची बातमी झाली. १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्देनशोल्ड या स्वीडिश तरुणाने तिथे खणून भांडी, विणकाम, माणसांचे सांगाडे असं सगळं पेट्यांत भरलं. त्याला अटक झाली, पण त्याला अडवणारा कायदाच नव्हता, म्हणून सुटला. तो साठा पुढे हेलसिंकीच्या संग्रहालयात गेला. त्यातले वीस माणसांचे अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या २८ वस्तू २०२० मध्ये परत आल्या, आणि होपी, झुनी, अकोमा व झिया या जमातींनी मेसा व्हर्देत त्यांना पुन्हा माती दिली.

आता प्रश्न असा की या जमाती ‘नाहीशा झाल्या’ कधी? वृक्षवलयांच्या अभ्यासाने तारखा बऱ्यापैकी बांधता आल्या आहेत. १९२९ मध्ये ए. ई. डग्लस यांना शो लो गावी एका जळक्या तुळईचा तुकडा मिळाला, आणि जुन्या तुळयांचा कालक्रम आजच्या झाडांच्या कालक्रमाला जोडला गेला. त्यावरून १२७६ ते १२९९ या काळातला मोठा दुष्काळ दिसतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मेसा व्हर्देचे लोक निघाले. दुष्काळ हे एक कारण, आपसातले तंटे आणि मारामाऱ्या हे दुसरं, आणि दक्षिणेकडे नव्या वस्त्या उभ्या राहत होत्या त्यांची ओढ हे तिसरं. निघाले म्हणजे विरघळले नाहीत. रिओ ग्रांदेच्या काठी, होपींच्या पठारांवर, झुनीत राहायला गेले. त्यांची पोरंबाळं आजही तिथेच आहेत, आणि स्थलांतर हा त्यांच्या कुळकथांचा कणाच आहे. ज्यांच्या धर्मात चालत जाणं येतं, त्यांच्या सोडलेल्या घराला ‘परित्यक्त’ म्हणणं ही बाहेरच्याची घाई.

गडचिरोलीत हे समजायला अडचण पडू नये. माडिया गोंडांची गावं जागा बदलत आली आहेत. रोग आला, पाठोपाठ माणसं दगावली, डोंगरउतारावरच्या पेंड्याची, म्हणजे फिरत्या शेतीची, माती थकली, की गाव सरकायचं. पंचवीस-तीस वर्षांनी त्या जागी गेलात तर काय सापडेल? भिंती बांबूच्या कुडाच्या, त्या वाळवीने खाल्ल्या. पाणी वाढायचा तुंबा कुजला. जेवणाचे द्रोण रोज नवे, ते रोजच मातीत. धनुष्य, मोहफुलं साठवायचा कणगा, सगळं वनस्पतीचं. उरेल एक चुलीची राखाडी जागा, कदाचित कुऱ्हाडीचं पातं, आणि गावाबाहेर उभे केलेले दगड. वाळवंटाने मात्र प्वेब्लोंची मक्याची कणसं, युक्काच्या दोऱ्यांच्या चपला, टर्कीच्या पिसांची पांघरुणं, सगळं जपून ठेवलं. एवढ्याच कारणाने एका समाजाकडे ‘संस्कृती’ आली आणि दुसऱ्याकडे ‘जीवनशैली’. दंडकारण्याच्या या टोकाला जे ‘काही सापडत नाही’ म्हणतात, ते बहुतेक वेळा इथल्या पावसाबद्दल बोलत असतात, इथल्या माणसांबद्दल नाही.

जे दगडांखाली टिकलं, ते कमी नाही. जे. एच. रिव्हेट-कार्नाक या सनदी अधिकाऱ्याने नागपूरजवळ जुनापाणीची वर्तुळं उघडून १८७९ मध्ये त्यावर लिहिलं. खरं काम त्यानंतर जवळपास नव्वद वर्षांनी झालं. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा, मग माहुरझरी, मग नायकुंड अशी उत्खननं केली. एखादं वर्तुळ कसं असतं ते सांगतो. मोठ्या शिळांचं कडं, आत लहान दगडांचा आणि मातीचा भराव, त्याखाली काळ्या मातीचा थर, त्यात माणसाची सगळी नव्हे तर काहीच हाडं. म्हणजे देह बऱ्याचदा आधी कुठेतरी ठेवलेला असायचा आणि हाडं मागाहून आणून पुरलेली. भोवती काळी-तांबडी भांडी आणि अभ्रकाची चमक असलेली लाल भांडी. लोखंडाच्या चपट्या कुऱ्हाडी, त्यांना दांडा आवळण्यासाठी आडव्या पट्ट्या. छिन्न्या, कट्यारी. कार्नेलियनचे मणी. आणि घोडा. माहुरझरीला घोड्याचे अवशेष लगाम आणि तांब्याच्या साजासकट मिळाले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. म्हणजे बुद्ध जन्मण्याच्याही आधी विदर्भात लोखंड गाळलं जात होतं, घोडे मरणानंतरही धन्याबरोबर जात होते, आणि मणी दूरदूरच्या वाटांनी हिंडत होते.

त्या वर्तुळांचा आणि आजच्या दगडांचा संबंध काय, इथे आपली गाडी घसरते, आणि ती दोन बाजूंनी घसरते.

भामरागड, एटापल्लीकडे माडिया लोक आपल्या मृतांसाठी आजही दगड उभे करतात. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसनने बस्तरच्या माडियांवर (इंग्रजीत ‘मारिया’) १९३८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात आणि व्हेरिअर एल्विनने पुढे केलेल्या नोंदींत या प्रथेचं तपशीलवार वर्णन आहे. मेलेल्याचे नातेवाईक दगड निवडतात, सोयरेधायरे मिळून तो आणतात, तांदूळ, मोहाची दारू, जेवण होतं. बस्तरमध्ये असं मानलं जात असल्याची नोंद आहे की मेलेला प्रसन्न असेल तर दगड वाढतो. रस्त्यालगत अशा शिळांची रांग दिसते. हल्ली त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर लाल रंगाची, सिमेंटची स्मारकंही असतात, नक्षलवाद्यांनी मेलेल्यांसाठी बांधलेली आणि पोलिसांनी पुन्हा पुन्हा पाडलेली. एकाच रानात मृतांच्या स्मृतीवरून इतकी चढाओढ असताना आपण दगडांना ‘मूक’ म्हणतो याची गंमत वाटते.

घसरणीची पहिली बाजू ही: जुने ते जुने, त्यांचा आजच्यांशी संबंध नाही, म्हणून आजच्यांना विचारायचं कारण नाही. दुसरी बाजू तेवढीच मोहक आणि कदाचित जास्त धोक्याची: बघा, माडिया हे इसवी सनापूर्वीचे लोक जसेच्या तसे! पत्रकार, माहितीपटवाले, कधी कधी अभ्यासकही याच वाक्याने सुरुवात करतात. ‘जिवंत महापाषाण संस्कृती’ म्हणताना छाती फुलते. पण माहुरझरीच्या घोडेस्वारांचा आणि भामरागडच्या डोंगरातल्या शेतकऱ्याचा समाज एकच होता याला पुरावा नाही. दोघांत दोन हजारांहून अधिक वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात सातवाहन आले, वाकाटक आले, गोंड राजे आले. देवटेकच्या शिळेवर अशोककाळचा लेख आहे आणि त्याच शिळेवर वाकाटक रुद्रसेनाचा. चंद्रपूरचा कोट गोंडांनी बांधला आणि १७५१ मध्ये भोसल्यांनी ते राज्य घेतलं. एवढं सगळं घडताना माडिया मात्र गोठून राहिले, हे म्हणणं कौतुकाच्या कपड्यातला अपमान आहे. होपींनाही हेच ऐकावं लागलं, फक्त त्यांना ‘काळाच्या बाहेरचे’ म्हणणारा पर्यटक इंग्रजीत म्हणत होता.

दोन्ही बाजू एकाच गृहीतकावर उभ्या आहेत: दगडाचा हक्क रक्ताने ठरतो. पुरावा असेल तर तुमचा, नसेल तर आमचा. माझं म्हणणं इथेच वेगळं आहे. राखणदारीचा हक्क वंशाच्या दाखल्यावर लटकवायचं कारणच नाही.

चाकोची दोन उदाहरणं याला उपयोगी पडतील. प्वेब्लो बोनितोच्या ३३ क्रमांकाच्या खोलीत १८९६ मध्ये चौदा माणसांचे अवशेष सापडले. ते न्यूयॉर्कच्या संग्रहालयात ठेवले गेले. २०१७ मध्ये त्यातल्या काहींच्या डीएनएवरून शास्त्रज्ञांनी सांगितलं की ही आईच्या बाजूने चालत आलेली सत्ता होती. निष्कर्ष मोठा होता, नियतकालिक मोठं होतं. पण आजच्या प्वेब्लो जमातींशी त्याबाबत बोलणं झालं नव्हतं, आणि त्यावरून बरीच टीका झाली. त्यानंतर आठ वर्षांनी, २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये पिकुरिस प्वेब्लोचा अभ्यास आला. इथे जमातीनेच शास्त्रज्ञांना बोलावलं, नमुने काय घ्यायचे ते ठरवलं, आणि चाकोशी आपलं नातं असल्याची पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट जनुकीय पुराव्याशी जुळते हे दिसलं. तंत्र जवळपास तेच. फरक प्रश्न कुणी विचारला यात. आणि मला तर असंही म्हणायचं आहे की तो निकाल उलटा लागला असता, तरी पिकुरिसांना विचारायलाच हवं होतं. ते तिथले आहेत, एवढं पुरेसं आहे.

आपल्याकडे यासाठी कायदा अमेरिकेपेक्षा फारसा मागे नाही, ही गोष्ट पुरातत्त्वाच्या वर्तुळात कमी बोलली जाते. १९९० मध्ये अमेरिकेने आदिवासींच्या कबरी आणि त्यांतल्या वस्तू परत करण्याचा कायदा केला. आपल्याकडे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ग्रामसभेने आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला हानी पोहोचवणाऱ्या गोष्टींपासून अधिवासाचं रक्षण करावं असं म्हटलं आहे. पेसा चिमूर-नागभीडकडच्या बऱ्याच गावांना लागू नाही, पण वनहक्क कायदा आहे. मग अडतं कुठे? पुरातत्त्वाच्या कामाची परवानगी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून किंवा राज्य संचालनालयाकडून येते, जंगलात जायचं तर वन विभागाकडून येते. ज्या गावाच्या शिवेवर दगड उभा आहे त्या गावाला तंबू ठोकल्यावर कळतं. सरपंचाला भेटून चहा पिणं म्हणजे संमती नव्हे.

ग्रामसभा खेडवळ, तिला काय कळणार पुरातत्त्वातलं, असं कुणी म्हणेल. त्याने धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची थोडी माहिती घ्यावी. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक आहे. तिथली पद्धत अशी की विषय आधी अभ्यासगटात जातो. बाहेरचा जाणकार बोलावतात, त्याला प्रश्न विचारतात, पुन्हा बोलावतात. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वांची सहमती होईपर्यंत. उत्खनन करणाऱ्या विद्यापीठाने अशा अभ्यासगटासमोर बसून सांगावं की आम्ही कशासाठी खणणार, हाडं सापडली तर कुठे नेणार, किती दिवस ठेवणार, परत आणणार का. माझ्या अंदाजाने सांगणाऱ्याची तारांबळ उडेल, कारण आपल्याकडच्या उत्खननांत शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर कधी द्यावंच लागलेलं नाही. विदर्भातल्या वर्तुळांतली हाडं आणि वस्तू पुण्या-नागपुरात आहेत. ती तिथे असणं मला गैर वाटत नाही. ती तिथे आहेत हे त्या गावांना माहीत नसणं मात्र गैर आहे.

यात एक अडचण खरी आहे आणि ती टाळून चालणार नाही. हिरापूरच्या आसपास राहणारे लोक माडिया नाहीत. तिथे माना, गोंड, कुणबी, बौद्ध, सगळे मिसळून आहेत, आणि कुणाच्याही घरात त्या शिळांविषयी पूर्वजांची गोष्ट चालत आलेली नसेल. मग त्यांना राखणदार का म्हणायचं? म्हणायचं याचसाठी की शेत नांगरताना, रस्त्याचा मुरूम काढताना, बांध घालताना दगड वाचवायचा की ढकलायचा हा निर्णय रोज तेच घेतात. नागपूरच्या आसपासची किती वर्तुळं खडीच्या खाणींनी आणि प्लॉट पाडणाऱ्यांनी गिळली हे तिथे फिरणाऱ्या कुणालाही दिसेल. ती संरक्षित यादीत होती की नव्हती याने फार फरक पडला नाही. जवळ राहणाऱ्यांना त्यांचं काही वाटत नव्हतं, याने पडला. ‘गवळ्यांचे दगड’ म्हणजे कुणाचेच नाहीत.

आणि दगड कुणाचाच नसला की जमीन रिकामी ठरवायला सोपी जाते. गडचिरोलीतल्या सूरजागडच्या पहाडात लोहखनिज आहे आणि ठाकुरदेवही आहे. दरवर्षी जानेवारीत इलाक्यातली गावं तिथे यात्रेला जमतात. खाणीचं काम चालू आहे, अनेक ग्रामसभांचा विरोध नोंदवलेला आहे, आणि विरोध मोडताना वापरलं जाणारं वाक्य ओळखीचं आहे: तिथे आहे काय, नुसतं जंगल. चाकोभोवती तेल आणि वायूच्या विहिरींचा असाच प्रश्न होता. जून २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने चाकोच्या भोवती दहा मैलांच्या पट्ट्यात नवे भाडेपट्टे वीस वर्षांसाठी बंद केले. प्वेब्लो जमातींना ते हवं होतं. नवाहो राष्ट्राने मात्र विरोध केला, कारण त्या पट्ट्यातल्या जमिनींवर नवाहो कुटुंबांना वायूची रॉयल्टी मिळते. म्हणजे ‘आदिवासींना विचारा’ म्हटल्यावर एकच सूर ऐकू येईल असं समजू नये. सूरजागडच्या परिसरातही नोकरी मिळालेला तरुण आणि यात्रेला निघालेला म्हातारा कधी कधी एकाच घरात राहतात. भांडण होईल. ते ग्रामसभेत व्हावं, एवढाच आग्रह.

समजा ग्रामसभेने नाही म्हटलं, खणू नका म्हटलं, तर? तर खणू नये. नैऋत्य अमेरिकेत कित्येक ठिकाणी आता खोदण्याऐवजी नकाशा काढणं, जुन्या संग्रहांचा पुन्हा अभ्यास करणं यावर भर आहे, आणि ज्ञान काही आटलेलं नाही. आपल्याकडे तर जुन्या उत्खननांचं बरंच काम पडून आहे. टाकळघाट-खापाचा अहवाल १९७० मध्ये निघाला, माहुरझरीचा १९७३ मध्ये, नायकुंडचा १९८२ मध्ये. तिन्ही इंग्रजीत. ज्या शेतांतून ती हाडं निघाली त्या शेतांच्या आजच्या मालकांना वाचता येईल असं दहा पानांचं मराठी पुस्तक, आणि भामरागडच्या आश्रमशाळेसाठी त्याचंच माडियातलं रूप, एवढं काम विद्यापीठं पुढच्या उन्हाळ्याच्या आत करू शकतात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, आणि एक कुदळही उचलावी लागत नाही.